काळ्या भाकरीची प्रतिष्ठा
(द्वितीय वर्ष, कला)

परक्या देशाची ओळख आपल्याला बहुधा दोन दारांनी होते. एक राजकारणाचे दार, दुसरे वाङ्मयाचे. तिसरेही एक दार असते, पण ते मागच्या अंगाला, स्वयंपाकघराचे. पाहुण्याने त्या दाराने आत शिरू नये असा शिष्टाचार आहे. घरची खरी परिस्थिती मात्र तिथेच कळते.

रशियाविषयी आपल्या महाविद्यालयात पुष्कळ बोलले जाते. ग्रंथालयात टॉलस्टॉय, चेकॉव्ह, गॉर्की यांची मराठी भाषांतरे आहेत. सोव्हिएत काळात मॉस्कोहून मराठीत छापून आलेली काही जुनी पुस्तकेही एका कपाटात सापडतात. ह्या पुस्तकांतील माणसे सारखी जेवत असतात. ती कोबीचे सार पितात, लापशी खातात, काळा पाव मोडून मिठात बुडवतात. आपण ती वाक्ये ओलांडून पुढे जातो, कारण प्रेम, क्रांती आणि मृत्यू पुढल्या पानावर असतात. माझे म्हणणे असे आहे की, ती वाक्ये ओलांडणारा वाचक निम्मे पुस्तक वाचतच नाही.

रशियन जेवणाविषयी आपल्याकडे तीन समजुती प्रचलित आहेत. पहिली, ते लोक केवळ मांस खातात आणि व्होडका पितात. दुसरी, त्यांचे मुख्य वैभव म्हणजे कॅव्हियार, म्हणजे आपल्या भाषेत माशाची खारवलेली गाबोळी. तिसरी समजूत आपल्याच स्नेहसंमेलनातील खाद्यपदार्थांच्या मांडवात दिसली. तिथे ‘रशिया’ अशी पाटी लावून बटाटा, वाटाणा आणि पांढरे मेयोनीज यांचे ‘रशियन सॅलड’ विकायला ठेवले होते. ह्या पदार्थाचे मूळ १८६०च्या दशकातील मॉस्कोच्या ‘एर्मिताज’ ह्या श्रीमंती उपाहारगृहात आहे. ल्युसियें ऑलिव्हिये नावाच्या आचाऱ्याने तो तिथे प्रसिद्धीस आणला. पुढे सोव्हिएत काळात महागडे जिन्नस गळाले, उकडलेला बटाटा आणि डब्यातले वाटाणे आले, आणि तो नववर्षाच्या रात्री घरोघर होऊ लागला. तेव्हा सॅलड खोटे नाही. पण त्यावरून रशिया समजून घेणे म्हणजे लग्नाच्या पंगतीतील जिलबीवरून महाराष्ट्र समजून घेण्यासारखे आहे.

रशियाच्या ताटाचा खरा धनी निराळाच आहे. त्याचे नाव काळी भाकर. जो नवखा आहे त्याने इथूनच सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे.

ही भाकर राय नावाच्या धान्याची. नावावरून घोटाळा होऊ नये. आपण फोडणीत टाकतो ती राई निराळी, ही राय म्हणजे गव्हाच्या गणगोतातले एक तृणधान्य. त्याचे पीठ करडे असते आणि भाकर गडद तपकिरी, कधी जवळजवळ काळी होते. ह्या धान्याचा जन्म मोठा विलक्षण आहे. निकोलाय वाव्हिलोव्ह ह्या थोर रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१७ साली असे मांडले की, राय हे मुळात पेरलेले पीक नव्हेच. ते नैर्ऋत्य आशियातील गव्हाच्या शेतात माजणारे तण होते. माणूस गहू घेऊन थंड प्रदेशाकडे, उंच डोंगराकडे सरकू लागला, तसा गहू हटला आणि तण टिकले. अखेर शेतकऱ्याने हात टेकले आणि त्या तणालाच पीक मानले. आजही रायच्या उत्पत्तीची चर्चा ह्या विचारावाचून पुरी होत नाही.

मध्य आणि उत्तर रशियाची जमीन हलकी, आम्लधर्मी. हिवाळा पाच-सहा महिन्यांचा. अशा ठिकाणी राय उन्हाळा सरता सरता पेरतात. बर्फ पडण्यापूर्वी तिचे कोंब वर येतात, मग सारा हिवाळा ती बर्फाखाली निजते आणि पुढल्या जुलै-ऑगस्टात कापणीला येते. गव्हाला न सोसणारी थंडी तिला सोसते. धान्याला जुन्या स्लाव भाषांत ‘झीतो’ असा शब्द आहे. कुठे तो रायला लावतात, कुठे जवाला. ‘जगणे’ ह्या अर्थाच्या धातूपासून तो आला आहे, आणि तो धातू आपल्या ‘जीव’ शब्दाचा सख्खा नातलग आहे. ज्या धान्याने जीव जगला त्याला लोकांनी जीवाचेच नाव दिले.

आता ह्या भाकरीची कृती. तिला भाकर म्हणावे की पाव, हा प्रश्न भाषांतरकाराला पडत असणारच. आकाराने ती पावासारखी जाड, फुगलेली. पण रशियन ‘ख्ल्येब’ ह्या शब्दात धान्यही येते आणि पोटापाण्याचा उद्योगही येतो, जसा आपल्या ‘भाकरी’त येतो. म्हणून मी भाकर म्हणते. गव्हाच्या कणकेला जो चिवट ताण असतो, तो रायच्या पिठाला नाही. आपल्या ज्वारीच्या पिठासारखेच ते ताणले की तुटते, आणि भिजवले की हाताला चिकटते. म्हणून ते आंबवावे लागते. मागच्या खेपेच्या पिठाचा गोळा लाकडी काठवटीत राखून ठेवतात, जसे आपण विरजण राखतो. त्यात कोमट पाणी आणि नवे पीठ घालून रात्रभर ठेवले की ते आंबते. ही आंबट चव केवळ रुचीसाठी नसते. आम्लता नसेल तर रायची भाकर आतून गिच्च, चिकट राहते. आंबवल्याने ती नीट भाजली जाते आणि पुढे कित्येक दिवस टिकते. ज्या बाईने हे प्रथम शोधले, तिला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पण तिने केले ते रसायनशास्त्रच होते.

भाजण्याची जागा म्हणजे रशियन भट्टी, ‘पेच’. ही मातीची किंवा विटांची भली थोरली भट्टी लाकडी घराचा जवळजवळ चौथा हिस्सा व्यापून बसे. आत लाकडे पेटवायची, भट्टी तापली की निखारे बाजूला ओढायचे, आणि लांब दांड्याच्या लाकडी फळ्याने भाकरीचे गोळे तिच्या तळावर सरकवायचे. खाली कोबीची पाने घालण्याची रीत होती. भाकर निघाली की उरलेल्या उबेत साराची आणि लापशीची मडकी ठेवून द्यायची. ती रात्रभर तिथे मुरत. आणि त्याच भट्टीच्या माथ्यावर घरातली म्हातारी माणसे व पोरे निजत. एका जळणात भाकर, कालवण, ऊब आणि अंथरूण! लाकूडफाटा जपून वापरणाऱ्या घरातल्या मुलीला ह्या हिशेबाचे मोल सांगावे लागत नाही.

ह्या भाकरीचा आज जगभर गाजलेला प्रकार म्हणजे बोरोदिन्स्की. तिच्यात सुमारे ऐंशी टक्के रायचे पीठ, थोडे गव्हाचे, मोड आणून भाजलेल्या रायचे माल्ट, उसाच्या मळीसारखा काळा पाक, आणि वर चक्क आपले धणे. १८१२ साली बोरोदिनोच्या लढाईत पडलेल्या सेनानीच्या विधवेने मठ स्थापला आणि तिथे ही भाकर जन्मली, अशी आख्यायिका सांगतात. पण आज आपण जिला बोरोदिन्स्की म्हणतो तिची लिखित कृती १९३०च्या दशकातील, मॉस्कोच्या सरकारी पावभट्ट्यांतली आहे.

पाहुणा आला की भरतकाम केलेल्या पंचावर गोल भाकर आणि तिच्यावर मिठाची वाटी ठेवून सामोरे जायचे, ही रशियन रीत. पाहुणा तुकडा मोडतो, मिठाला लावतो, खातो. त्यांच्या भाषेत आतिथ्यालाच ‘भाकर-मिठाई’ म्हणावे तसा शब्द आहे. मिठाई म्हणजे इथे गोड नव्हे, मीठच! मीठ ही तेव्हा लहानसहान वस्तू नव्हती. मिठावरील कर आणि त्यापाठोपाठची वसुली ह्यांनी गांजलेल्या लोकांनी १६४८ साली मॉस्कोत केलेला उठाव इतिहासात ‘मिठाचा दंगा’ म्हणूनच ओळखला जातो. मिठावरच्या करात किती दारूगोळा असतो, हे आपल्यालाही १९३० पासून ठाऊक आहे.

काळी भाकर म्हटली की पांढरी आलीच. गव्हाची भाकर शहराची, सणाची आणि साहेबाची. तिचा जुना नमुना ‘कलाच’. तो कुलपाच्या आकाराचा असे, वर धरायला कडी. मूरोम शहराच्या राजचिन्हावर तीन कलाच कोरलेले आहेत. कामकरी माणूस मळक्या हाताने कडी धरून कलाच खाई आणि कडी टाकून देई. ती कडी खाण्याची पाळी ज्याच्यावर आली त्याची दशा पुरी संपली, अशा अर्थाची एक म्हण रशियनमध्ये आहे. तिची उत्पत्ती अशी सांगतात. ह्याखेरीज पाण्यात उकळून मग भाजलेल्या कड्या आहेत, बुब्लिक, बारांकी, सुश्की. त्या दोऱ्यात ओवून माळेसारख्या विकत आणि सामोवारच्या चहात बुडवून खात.

चांगली भाकर कोणती, पांढरी की काळी? पुश्किनने १८२९ च्या आपल्या कॉकेशस आणि अर्झरूमच्या प्रवासवर्णनात एक प्रसंग नोंदला आहे. रस्त्याच्या कामावर लावलेले तुर्की कैदी त्याला भेटले. त्यांची तक्रार अशी की, रशियन काळी भाकर आम्हांला गिळवत नाही. ते ऐकून पुश्किनला आपला एक मित्र आठवला. तो पॅरिसहून परतला होता आणि कुरकुरत होता की, तिथे खायलाच काही नाही, काळी भाकर मागून मिळत नाही! एकच भाकर, एकाला शिक्षा आणि दुसऱ्याला माहेर. चव जिभेवर असते असे आपण म्हणतो. खरे तर ती सवयीत असते.

गॉर्कीची साक्ष ह्याहून कडवट आहे. तरुणपणी कझान शहरात तो पावभट्टीत राबला होता. त्या अनुभवावर त्याने १८९९ साली ‘सव्वीस पुरुष आणि एक मुलगी’ ही कथा लिहिली. तळघरातल्या कोंदट खोलीत सव्वीस माणसे सकाळपासून रात्रीपर्यंत क्रेंदेल नावाची गव्हाची वळी वळत बसलेली असतात. आपल्या हातून उतरणाऱ्या त्या खुसखुशीत वस्तूचा त्यांना इतका वीट आलेला असतो की, ते ती तोंडात घालत नाहीत. त्यांना काळी भाकर बरी वाटते. हे वाक्य मी पूर्वी वाचले असते तर तिथे थांबले नसते. आता थांबते. पांढऱ्या पिठात राबणाऱ्याला काळी भाकर का प्रिय व्हावी? कारण पांढरी दुसऱ्यासाठी आहे आणि काळी त्याची स्वतःची आहे.

भाकरीशेजारी काय? कोबीचे सार आणि लापशी, म्हणजे ‘श्ची’ आणि ‘काशा’. हेच आमचे अन्न, अशी यमकात बसवलेली म्हण रशियन माणसाच्या तोंडी असते. कोबी शरद ऋतूत चिरून मीठ लावून पिंपात दाबतात. तो आंबतो आणि वसंतापर्यंत पुरतो. त्या आंबट कोबीचे सार म्हणजे हिवाळ्यातली श्ची. वरून घट्ट आंबट साय, ‘स्मेताना’, आणि बारीक चिरलेला शेपू. होय, शेपूच! आपल्यापैकी पुष्कळजण ज्या भाजीला नाक मुरडतात, ती रशियन माणूस सारावर, बटाट्यावर, काकडीवर, जिथे तिथे भुरभुरतो.

काशा म्हणजे कुठल्याही धान्याची शिजवलेली लापशी. त्यांतली मानाची ‘ग्रेच्का’, म्हणजे कुट्टूची. उत्तर हिंदुस्थानात जे कुट्टू उपासाला चालते, तेच रशियाचे रोजचे जेवण. जुन्या काळी लग्नाच्या मेजवानीलाच काशा म्हणत; राजपुत्र अलेक्सांद्र नेव्हस्कीने १२३९ साली लग्नाची ‘काशा’ केली, असे इतिवृत्तात आहे. आणि आपल्याला गोड वाटेल असा एक शब्द: ‘ओद्नोकाश्निक’. अक्षरशः अर्थ, एकाच मडक्यातली लापशी खाल्लेला. व्यवहारातला अर्थ, सहाध्यायी. वसतिगृहात राहणाऱ्यांना हा शब्द समजावून सांगायला नको.

पेयांत क्वास. शिळ्या काळ्या भाकरीचे तुकडे भाजून, गरम पाण्यात भिजवून, ते आंबवून होणारे हे गोडसर-आंबट पेय. उन्हाळ्यात त्यातच काकडी, मुळा, उकडलेला बटाटा, कांद्याची पात घालून थंड सार करतात, ते ‘ओक्रोश्का’. उरलेली भाकर वाया जाऊ द्यायची नाही हा त्यामागचा नियम. आणि ‘किसेल’. आज फळांच्या रसाचा गोड किसेल करतात, पण जुना किसेल ओटचे पीठ आंबवून शिजवलेला, थेट आपल्या आंबिलीचा भाऊ. त्याची एक गोष्ट प्राचीन इतिवृत्तात ९९७ सालाखाली दिली आहे. आज युक्रेनमध्ये असलेल्या कीव्हजवळच्या बेल्गोरोद नगराला पेचेनेग टोळ्यांनी वेढा घातला. आत अन्न संपले, लोक शरण जायला निघाले. तेव्हा एका म्हाताऱ्याने उरलासुरला ओट आणि कोंडा गोळा करायला सांगितला. दोन विहिरी खणून एकीत किसेलच्या पिठाचे पिंप आणि दुसरीत मधाच्या पाण्याचे पिंप बसवले. शत्रूच्या वकिलांना बोलावून त्यांच्यासमोर ‘विहिरीतून’ काढून शिजवले आणि खाऊ घातले. ह्यांना जमीनच पोसते आहे, असे वाटून शत्रू वेढा उठवून गेला. गोष्ट खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्या लोकांचा विश्वास कशावर होता ते कळते. त्या गोष्टीत नगर वाचवणारी वस्तू तलवार नाही, आंबील आहे.

रशियन म्हणजे मांसाहारी, ही समजूत इथे तपासून पाहावी. सनातनी ख्रिस्ती पंथाचे उपास मोजले तर वर्षाचे सुमारे दोनशे दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य. बुधवार, शुक्रवार आणि चार लांब उपासकाळ. तेव्हा खेड्यातल्या माणसाचे अर्धेअधिक वर्ष भाकर, कोबी, कंद, रानातल्या अळंब्या आणि बोरांसारखी आंबट फळे ह्यांवर जाई. उरलेल्या दिवसांतही मांस परवडे असे नाही.

ह्याच उपासकरी रशियाचा एक माणूस आपल्या मुलखात येऊन गेला आहे. त्वेर गावचा व्यापारी अफानासी निकीतिन पंधराव्या शतकात, १४७०च्या सुमारास, चौलला उतरला, पावसाळाभर जुन्नरला राहिला आणि पुढे बीदरला गेला. त्याने आपल्या टिपणांत इथल्या जेवणाची नोंद ठेवली आहे. लोक तांदूळ आणि तूप घातलेली खिचडी खातात, उजव्या हातानेच जेवतात, त्यांना चमचा ठाऊक नाही. बिचाऱ्याची धर्मपुस्तके वाटेत लुटली गेली होती, त्यामुळे आपले उपास आणि सण नेमके कधी येतात हेच त्याला कळेना, ह्याचे दुःख त्याने पुन्हा पुन्हा लिहिले आहे. ह्यानंतर सुमारे पाच शतकांनी, १९६१ साली, आपले अण्णाभाऊ साठे रशियाला जाऊन आले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. एका टोकाला व्यापारी, दुसऱ्या टोकाला शाहीर. दोघांनीही परमुलूख साध्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिला.

सणाचे पदार्थ थोडक्यात सांगते. लांब उपासापूर्वीचा आठवडा ‘मास्लेनित्सा’, त्यात ‘ब्लिनी’. खमिराची पातळ धिरडी, लोण्यात न्हालेली. पहिले धिरडे बिघडायचेच, अशी म्हण त्यांच्याकडेही आहे. चेकॉव्हच्या १८८६ सालच्या एका छोट्या कथेत एक सरकारी अंमलदार गरम ब्लिनीवर लोणी, गाबोळी, मासे रचत रचत घास तोंडाजवळ नेतो आणि त्याच क्षणी झटका येऊन मरतो! ‘पिरोग’ म्हणजे सारण भरलेला मोठा भाजीव पदार्थ, ‘पिरोश्की’ त्याची लहान भावंडे. आत कोबी, बटाटा, अळंबी, मासा, काहीही. ईस्टरला उंच गोड ‘कुलीच’. तूला शहराची मधाची ठसेदार वडी ‘प्र्यानिक’. तिचे नाव मिऱ्याच्या जुन्या शब्दावरून आले, आणि मिऱ्याचा तो शब्द ग्रीकमार्गे आपल्या ‘पिप्पली’पर्यंत पोचतो. ‘पेल्मेनी’, म्हणजे मांसाचे सारण भरलेल्या, उकडलेल्या छोट्या करंज्या, उरल आणि सैबेरियाकडच्या. नाव कोमी-उद्मुर्त लोकांचे, अर्थ ‘कानाची भाकर’, आकारावरून. त्यातला ‘न्यान’ हा इराणी ‘नान’चाच नातलग मानतात. आणि बीटचे लाल सार ‘बोर्श्च’? ते रशियात घरोघर होते हे खरे. पण त्याचे माहेर युक्रेन. २०२२ साली, युद्धाच्या छायेत, युनेस्कोने युक्रेनची बोर्श्च करण्याची परंपरा तातडीने जपावयाच्या वारशात नोंदवली. एका ताटावरून ओळख करून घेताना शेजाऱ्याचे ताट आपल्या नावावर लिहू नये, एवढे भान नवख्याने ठेवावे.

आता माझा मुख्य मुद्दा. १८६१ साल रशियाच्या इतिहासात भूदासांच्या मुक्तीचे साल म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच साली येलेना मोलोखोव्हेत्स ह्या बाईंचे ‘तरुण गृहिणींना भेट’ हे पाककृतींचे पुस्तक निघाले आणि पुढे त्याच्या कित्येक आवृत्त्या खपल्या. त्यात मालकांच्या मेजाच्या याद्या आहेत, आणि नोकरांच्या जेवणाच्या याद्या निराळ्या आहेत. एकाच चुलीवर दोन स्वयंपाक! जगाला रशियन म्हणून जे ठाऊक झाले, ते बहुतेक पहिल्या यादीतले. दुसऱ्या यादीतल्या लोकांना पाकपुस्तक लिहिता येत नव्हते. त्यांची कृती हातातून हातात गेली. ज्यांना लिहिता येते त्यांचेच अन्न ‘संस्कृती’ ठरते आणि बाकीच्यांचे केवळ ‘पोट भरणे’ ठरते, ह्याला माझी हरकत आहे.

पण म्हणून काळ्या भाकरीची आरती ओवाळावी काय? तसेही नाही. ही भाकर पवित्र झाली त्याचे एक कारण ती वारंवार नाहीशी होत होती. १८९१-९२ च्या दुष्काळात व्होल्गाकाठी लोकांनी आपल्या चाकवताच्या जातीच्या रानभाजीचे बी दळून भाकरीत घातले. टॉलस्टॉयने रियाझान भागात गावोगाव अन्नछत्रे उघडली. १९३२-३३ साली युक्रेन, कझाकस्तान, व्होल्गाकाठ येथे लाखो माणसे अन्नावाचून मेली. तेव्हा सरकार धान्यवसुली करीत होते, परदेशी धान्य पाठवीत होते, आणि सामुदायिक शेतातली कणसे उचलणाऱ्यालाही १९३२ च्या कायद्याने कठोर शिक्षा होत होती. कामकऱ्यांच्या नावाने राज्य करणाऱ्यांनी कामकऱ्याच्याच तोंडची भाकर काढली, हे कोणत्याही पक्षाच्या पुस्तकातून वगळता येणार नाही. मग लेनिनग्राडचा वेढा, सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४. त्या पहिल्या हिवाळ्यात, २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९४१, मुले, आश्रित आणि कचेरीतील नोकर यांना दिवसाला माणशी १२५ ग्रॅम भाकर मिळे. तीही निखळ पिठाची नव्हे. तिच्यात पेंड आणि लाकडाचा लगदा मिसळलेला.

त्याच शहरात वाव्हिलोव्हने जगभरातून गोळा केलेले बियाणे ठेवलेले होते. गहू, तांदूळ, भुईमूग, बटाटे. ते राखणारे कित्येक शास्त्रज्ञ उपासमारीने मेले. बियाण्याला त्यांनी हात लावला नाही. आणि स्वतः वाव्हिलोव्ह? खोट्या आरोपांखाली पकडलेला तो, जगाचे धान्य शोधत पाच खंड हिंडलेला माणूस, जानेवारी १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात अन्नान्न होऊन मेला. तणाची भाकर कशी झाली हे ज्याने सांगितले, त्याला भाकर मिळाली नाही.

आमच्या घरात महाविद्यालयापर्यंत आलेली मी पहिलीच. बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट निघाली की आजी मिलोच्या लाल भाकरीविषयी बोलते, आणि अजूनही ताटात तुकडा टाकू देत नाही. लेनिनग्राडमध्ये वाचलेल्या पिढीने पुढे आयुष्यभर भाकरीचा चुरा तळहातावर गोळा करून खाल्ला, असे वाचते तेव्हा त्या माणसांचा वेश आणि भाषा परकी वाटत नाही.

कोणी म्हणेल, गरिबीचे कौतुक पुरे. रशियन लोकच आता गव्हाची पांढरी भाकर आवडीने खातात, रायचे क्षेत्र गेल्या काही दशकांत खूप आटले आहे. खरे आहे. पोटभर पांढरी भाकर मिळावी ही इच्छा न्याय्यच आहे, आणि ती ज्याने केली त्याला नावे ठेवण्याचा अधिकार भरल्या पोटाच्या माणसाला नाही. माझा आक्षेप पांढऱ्या भाकरीवर नाही; काळीला हलके लेखण्यावर आहे. गंमत अशी की, आता मोठ्या शहरांतील दुकानांत रायची आंबट भाकर आरोग्याची म्हणून महाग विकली जाते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून पाळले, तेव्हा आपल्याकडेही नाचणी आणि ज्वारी एकाएकी सभ्य झाल्या. गरिबाच्या धान्याला प्रतिष्ठा मिळाली ती श्रीमंताच्या वैद्याने शिफारस केल्यावर. त्याआधी शेकडो वर्षे ज्यांनी ते पिकवले, आंबवले, भाजले, त्यांच्या शिफारशीला किंमत का नव्हती? ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या वर्गातच शोधता येईल. आजही डब्यातली भाकरी झाकून खाणारे मित्र आपल्यात आहेत.

म्हणून दोन सूचना करते. पहिली प्राध्यापकांना. रशियन कथा वर्गात घेताना पात्रांच्या ताटाविषयी दोन वाक्ये जरूर सांगावीत: भाकर कोणती, ती कोणी भाजली, सार कशाचे, दिवस उपासाचा की सणाचा. ‘युद्ध आणि शांती’मध्ये कैदेत पडलेल्या श्रीमंत पिएरला प्लातोन कारातायेव्ह हा शेतकरी शिपाई भाजलेला बटाटा मीठ लावून देतो, आणि पिएरला वाटते की आपण ह्याहून रुचकर काही खाल्लेच नाही. त्या बटाट्याचा अर्थ सांगितल्याशिवाय पुढचे तत्त्वज्ञान आम्हांला कसे कळणार? दुसरी सूचना माझ्या ओद्नोकाश्निकांना. पुढल्या संमेलनात पुन्हा ‘रशिया’ची पाटी लावायची असेल तर सॅलड राहू द्या, पण शेजारी एक जाड, आंबट, काळी भाकर आणि मिठाची वाटी ठेवा. रायचे पीठ आपल्याकडे सहजी मिळणार नाही. मिळाले नाही तर पाटीवर तसे लिहा आणि ती भाकर कशी होते तेवढे मांडा. कदाचित ती फारशी खपणार नाही. तरीही मांडावी. तिच्याशेजारी कोणी आपली ज्वारीची भाकरी उघडून ठेवली, तर त्या दोघींची ओळख करून द्यायला दुभाषा लागणार नाही.